दामूकाकांचा खरा पत्ता

दामूकाका माणसांना त्यांच्या भांड्यांवरून ओळखत. नाव-गाव त्यांना आठवत नसे असे नाही, पण ते मागाहून यायचे. दुकानाच्या पायरीवर कोणी चढले की गादीवर बसल्या बसल्या ते म्हणत, "या, करडीची परात आली. बसा." करडी गावच्या त्या बाईंनी कधीकाळी लेकीच्या लग्नात त्यांच्याकडून परात नेलेली असे. मी लग्न होऊन भंडाऱ्यात आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याच दुकानातून मला गुंड घेऊन दिला होता. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून दचकायला होते. आमच्याकडे गुंड म्हणजे पाण्याची पितळी घागर. तेव्हापासून मी काकांच्या लेखी 'लहान गुंड' होते आणि शेवटपर्यंत तेच राहिले.

पुढे त्यांच्या समोरच्याच गाळ्यात मी झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान टाकले. बाजाराची ती गल्ली अरुंद, ऑटो जेमतेम शिरणारी. दुपारी गिऱ्हाईक नसले की काका चहा मागवत आणि अर्धा कप माझ्याकडे पाठवत. काकू जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा पुण्याला नोकरीत. दुकान हेच त्यांचे घर होते. रात्री फक्त झोपायला मागच्या खोलीत जात.

एका लग्नसराईत नागपूरचे एक कुटुंब गाडी कोपऱ्यावर ठेवून गल्लीत चालत आले. त्यांनी काकांनाच विचारले, "पितळेच्या भांड्यांचं दुकान इथून किती लांब आहे?" काका चारी बाजूंनी लखलखणाऱ्या भांड्यांमध्ये बसलेले. त्या गृहस्थांनी फोन दाखवला. फोनमध्ये हायवेवरचे मोठे शोरूम वर होते, खाली आणखी दोन दुकाने. काकांचे नाव कुठेच नव्हते. मंडळी भिडस्त होती, दोन फुलपात्री घेऊन गेली.

काका उठून माझ्याकडे आले. "पोरी, मी या फोनात काहून नाई?"

मी शोधले. बरेच खाली गेल्यावर दुकान सापडले. कोणीतरी कधीतरी नोंद केलेली होती, पण नकाशावरची खूण वैनगंगेच्या पात्रात होती. फोन नंबर नव्हता आणि वेळेच्या जागी काहीच नव्हते.

काका चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. "मले त नदीत नेऊन टाकलं न यानं," ते म्हणाले. आवाजात चेष्टा होती, पण त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही.

मी खूण नदीतून काढून गल्लीत आणली. फोटो, नंबर, वेळ, सगळे भरले. मग दुकानाचे सोशल मीडियावर पान काढले. रोज काहीतरी टाकत राहिले की शोधात दुकान आपोआप वर चढते, असे मी कुठेतरी ऐकले होते आणि खरे धरले होते. मी रोज सकाळी लिहायचे, 'खास सवलत, त्वरा करा'. महिना गेला. हायवेचे शोरूम वरच राहिले.

काकांनी एक दिवस ते वाचले. "हे काय लिवून राहिली तू? मी असा बोलतो का?"

"मग तुम्ही सांगा काका, मी लिहिते."

त्या दुपारी आंबागडहून एक आजी नातीला घेऊन आली होती. स्वतःच्या लग्नातला चेपलेला गुंड ठोकून सरळ करून घ्यायचा होता, नातीला द्यायला. काकांनी आजीला विचारून दोघींचा गुंडासकट फोटो काढायला लावला आणि मला सांगितले, "लिव. हा गुंड आंबागडच्या किल्ल्याखालच्या विहिरीचं पानी पेलेला हाय. आता साकोलीले सासरी चालला. बुड चेपलं होतं, पर गळत नाई. माय, सुखानं ने."

मी तसेच लिहिले. त्या फोटोखाली लोक बोलू लागले. जिल्ह्यातून पुण्याला, मुंबईला, कुठकुठे गेलेली माणसे विचारू लागली, आमच्या आईचे गंगाळ काकांकडचेच, काका आहेत का अजून? सुट्टीत गावी आलेले लोक नाव घेऊन दुकान शोधू लागले. येऊन गेले की चार ओळी अभिप्राय लिहीत, आपल्या घरच्या भांड्यांचे फोटो टाकत. पुढच्या लग्नसराईत मी सहज शोधले, तर काका पहिले होते.

तोवर मीही थोडे शिकले होते. पोस्ट टाकल्याने दुकान सरळ वर जात नाही. पण पोस्ट पाहून लोक नावाने शोधतात, रस्ता विचारतात, येऊन अभिप्राय देतात, आणि शोधणाऱ्या यंत्रणेला त्यातून कळते की हे दुकान जिवंत आहे. मी हे काकांना समजावले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे वरातीनं लगन लागत नाई. पर वरात पाहून मानूस इचारते, मांडव कुठं हाय." मला यापेक्षा सोपे आजही सांगता येत नाही.

मग नागपूरच्या एका बाईंनी अभिप्रायात पाचपैकी एकच तारा दिला. परातीचे कडे महिन्याभरात निखळले होते. मी म्हटले, "काका, आपल्या ओळखीच्या लोकांना चांगले अभिप्राय लिहायला सांगू. हा खाली दबून जाईल."

"खोटी साक्ष देऊन परात जुळत नाई," ते म्हणाले. "लिव, चूक माही हाय. पत्ता कळवा, मी येतो."

बाईंनी पत्ता कळवला. काका एसटीने नागपूरला गेले, पिशवीत हातोडी आणि खिळे घेऊन. संध्याकाळी परतले ते खुशीत. बाईंनी तारा काही वाढवला नाही. खाली फक्त एक ओळ जोडली: 'काका स्वतः घरी येऊन कडे बसवून गेले. चहा घेतला.' काकांना ती ओळ सगळ्या पाच ताऱ्यांहून प्यारी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचायला लावत.

मग गुडघे गेले. गादीवरून उठताना भिंत धरावी लागे. मुलगा पुण्याला चला म्हणत होता, आणि काकांनाही कळून चुकले होते की आता जमायचे नाही. माल विकून दुकान बंद करायचे ठरले. ते कानावर येताच हायवेच्या शोरूमचे मालक रमेशशेठ भेटायला आले. माणूस सरळ होता. म्हणाले, "काका, तुमचं नाव, हा नंबर आणि फोनमधली ही नोंद मला द्या. अभिप्राय तसेच राहतील. मी फक्त खूण माझ्याकडे हलवीन. योग्य ते देईन."

मुलाचाही फोनवर होकार होता. बंद दुकानाच्या नोंदीचे करायचे काय, असे त्याचे म्हणणे. मलाही त्यात वावगे वाटले नाही. इतक्या मेहनतीने वर आलेले नाव असे पुसून टाकायचे माझ्या जिवावर आले होते. काकांनी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस ते जुने अभिप्राय माझ्याकडून वाचून घेत बसले. एखाद्या नावापाशी थांबवत, हसत, पुढे जायला सांगत.

रमेशशेठ आले तेव्हा काकांनी त्यांना गादीवर शेजारी बसवले. "शेठ, राग नका मानू. मानसं माह्या नावानं घरून निघतीन अन् तुमच्या दारी उतरतीन. म्हतारीकोतारी राहतीन त्यात. त्यायले वाटन दामू भेटन. तिथं मी नाई. हे मले जमत नाई."

रमेशशेठ चहा पिऊन गेले.

दुकान बंद व्हायच्या आदल्या सकाळी काका मला म्हणाले, "त्या फोनात आजच लिवून टाक, बंद म्हनून. उद्या कोनी उन्हातानात येईन अन् कुलूप पाहीन." मी नोंदीवर 'कायमचे बंद' केले. नावापुढे लाल अक्षरे आली. काकांनी ती वाचली, मान हलवली, आणि पानावर शेवटचे लिहायला सांगितले: "दुकान बंद झालं. नवीन भांडं पाहिजे असन त हायवेवर रमेशशेठकडं जा. मानूस खरा हाय. मी धाडलं म्हनून सांगजा."

माझे हात थांबले. "काका, नाव द्यायला नाही म्हणालात, आणि गिऱ्हाईक फुकट देता?"

"गिऱ्हाईकाले सांगून देऊन राहिलो न, फसवून नाई," ते म्हणाले.

काका पुण्याला गेले. अधूनमधून फोन करत, गल्लीची खबर घेत. दीड-दोन वर्षांनी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले होते. पानावर कळवाल का, असे त्याने विचारले. मी साध्या शब्दांत लिहिले. दुपारपर्यंत त्याखाली इतकी माणसे जमली की वाचवेना.

लग्नसराई ऐन भरात होती, अशा दिवसांत हायवेचे शोरूम एक दिवसही बंद नसे. रमेशशेठना प्रत्यक्ष सांगावे म्हणून मी नंबर शोधायला त्यांच्या शोरूमचे नाव फोनमध्ये टाकले. नावाखाली लाल अक्षरांत लिहिले होते, 'आज बंद'.