व्हिएन्नातला चंद्रोदय

नातीने आज दालचिनीचा केक ओव्हनमधून काढला आणि त्या वासासरशी मला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातली एक दुपार आठवली. नळीतून जेवणारे आमचे हे आणि मी बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत व्हिएन्नाला जायचा बेत आखत होतो. सकाळी राजवाडा, दुपारी केक. जाणं होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तेव्हाची मी अतिशहाणी ठणकावते काय, तर "अहो, रविवारी संकष्टी आहे, केक सोमवारी!" हे हसले. "बरं बाईसाहेब, पण तिथे चंद्रोदय कितीला?" मी लगेच चष्मा लावून फोनवर शोधत बसले. वेळ सापडेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता. उठल्यावर सांगू म्हटलं, तर ते उठलेच नाहीत. अजूनही दर संकष्टीला मी आधी व्हिएन्नाचा चंद्रोदय बघते, मग इथला.