पळसदेवातला नवा दिवा

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते निरवांगीत, त्यांच्या ओट्यावर. सकाळचे आठ वाजले होते. मांडीवर लॅपटॉप, शेजारी निवलेला चहा आणि तोंडाने पुटपुटणं चाललेलं, "अंथुर्णं ठीक. पळसदेव ठीक. कळस... ठीक." मी बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गावच्या शाळेत व्याख्यानाला आले होते आणि चहासाठी मला त्यांच्याकडे नेलं होतं. तात्या निवृत्त वायरमन आहेत, एवढंच कानावर होतं. म्हणून विचारलं, "गावांत लाइट गेली होती का?"

"न्हाय म्याडम," तात्या मान वर न करता म्हणाले, "एखादा दिवा जास्त लागलाय का, त्ये बघतूय."

तात्या दूरच्या दीर्घिका तपासत होते. गच्चीवरची दुर्बीण आणि कॅमेरा रात्रभर आपोआप फोटो काढत, आणि तात्या सकाळी नवा फोटो जुन्याशेजारी ठेवून बघत. मरताना तारा फुटतो तेव्हा काही आठवडे इतका झळाळतो की कोट्यवधी प्रकाशवर्षांवरूनही ठिपका दिसतो. त्यालाच सुपरनोव्हा म्हणतात. तात्यांना तो हवा होता, आणि तोही जगात सर्वांत आधी. "चाळीस वर्सं लोकांच्या घरात दिवं लावलं. आभाळातला येक दिवा पयला आपल्याला दिसावा, बास."

दीर्घिकांचे क्रमांक काही त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून त्यांनी एकेक दीर्घिका एकेका नातेवाइकाला वाटून दिली होती आणि तिला त्याच्या गावाचं नाव ठेवलं होतं. पळसदेव म्हणजे धाकटी बहीण. मला हे भारीच आवडलं. मी सगळी यादी क्रमांकांसकट उतरवून घेतली, कारण पुढे त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याच गळ्यात पडला.

तीन वर्षं काही सापडलं नाही. तात्यांचा उत्साह मात्र तसूभर कमी झाला नाही. आणि एका फेब्रुवारीत सकाळीच फोन आला, "म्याडम, पळसदेवात ठिपका हाय! काल हुता, आजबी हाय. जुन्या फोटूत न्हाय!" मी यादीतून पळसदेवचा क्रमांक काढला, त्यावरून तिची आकाशातली जागा भरली आणि जागतिक नोंदणीकडे अर्ज पाठवून दिला. मग स्टाफरूमला पेढे वाटले.

दोन दिवसांनी उत्तर आलं, "या जागी काहीही नाही."

मी तडक निरवांगी गाठली. उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. दिवाळीनंतर बहीण पळसदेव सोडून इंदापूरला राहायला गेली, म्हणून तात्यांनी तिच्या दीर्घिकेचं नाव 'इंदापूर' केलं. पुतणी लग्न होऊन पळसदेवला गेली, म्हणून ते नाव पुतणीच्या दीर्घिकेला मिळालं. ठिपका होता पुतणीकडे आणि मी अर्ज भरला होता बहिणीच्या पत्त्यावर! बदल त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. तोवर जपानमधल्या एका शिक्षकांनी तोच तारा नोंदवला होता.

मला रडूच फुटलं. तात्यांनाही लागलं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाले, "मानसं हालली तर पत्ता बदलाय नगं व्हय?" आणि हसायला लागले. "आवो, त्यो फुटून कोट्यवधी वर्सं झाली. दोन दिसांनी काय बिघडतंय? आता त्येच्यावर ध्यान ठिवू. चला, उजेड मोजाय घ्या."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ते त्या ताऱ्याची तेजस्विता मोजू लागले. आठवड्याला एक पत्र जपानला जाई. मजकूर तात्यांचा, इंग्रजी माझं. "तुमच्या ताऱ्याचा उजेड जरा उतरलाय, पर तब्येत बरी हाय." "ढग हुतं, भेट न्हाय झाली." ते गुरुजीही नेमाने उत्तर देत, आणि आमची मोजणी त्यांच्या आलेखात घालत. तात्या तो आलेख येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत आणि वर सांगत, "तारा त्यांचा हाय, आमी राखनदार."

मे महिन्यात एका सकाळी तात्यांनी फोटो खूप वेळ न्याहाळला. मोठा करून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग मला म्हणाले, "लिवा म्याडम. तुमचा तारा आज आमाला दिसला न्हाय. काळजी करू नका. त्यो हाय तितंच आसंल, आमचीच दुर्बीण कमी पडली."