पाझर नितळ की गढूळ

माझी लेक खाणीवर इंजिनिअर आहे. खनिज धुऊन उरलेला गाळ आणि विषारी पाणी तिथे मोठ्या बांधामागे साठवतात. त्या बांधावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. नोकरी लागली तेव्हा मी मुलुंडभर सांगत सुटले, आमची लेक तलाव सांभाळते. वर तिलाच विचारलं, "होड्या आहेत का गं?"

पहिल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "आई, बांधाला पाझर फुटलाय." मी कोकणातली. आमच्याकडे विहिरीला पाझर फुटला की नारळ फोडतात. मी दीडशहाणीने शेजारी पेढे वाटले. ती पोट धरून हसली. म्हणाली, "नितळ पाझर चालतो गं. गढूळ आला तर समज, पाणी बांधाला आतून खातंय."

तेव्हापासून पावसात मी तिला जेवलीस का म्हणून विचारत नाही. नितळ की गढूळ, एवढंच विचारते.

यंदा पाऊस थांबेचना. तिला फोन लावला, तर मागे धोक्याचा भोंगा वाजत होता. "नितळ की गढूळ?" मी विचारलं.

"आई, बांधाखालची वाडी रिकामी करतोय आम्ही. तू जेवून घे."

मी ताट वाढून घेतलं. ते तसंच ठेवलं. परत फोन लावला, तो लागेना, आणि नितळ हा शब्द काही तिच्या तोंडून आला नव्हता.