बिनवासाचा वायू

खाली इस्त्रीवाला कोळसे पेटवू लागला, की मी अजूनही घाईघाईने खिडक्या उघडते.

वीस वर्षांपूर्वी आमचे हे चाकणला, लोहखनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीवर होते. एकदा भरदुपारीच घरी आले.

"डोकं ठणकतंय गं. ऊन लागलं असेल."

"आणखी कुणाचं दुखतंय?"

"सलीमभाईंचं. ते भट्टीजवळच्या केबिनमध्ये पडलेत."

मी रसायनशास्त्र शिकलेली. खनिजातला ऑक्सिजन ओढून घेणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तालाही ऑक्सिजन मिळू देत नाही, आणि त्याला वासही नसतो; डोकं दुखणं हीच त्याची पहिली खूण. यांना गॅलरीत बसवून मी कंपनीत फोन लावला आणि ओरडले, "सलीमभाईंना आधी उघड्यावर आणा!"

ते वाचले. सगळे कौतुक करत राहिले, मला मात्र चैन पडेना. आदल्या दिवशीही यांचं डोकं दुखत होतं, आणि मी बाम चोळून त्यांना कामावर पाठवलं होतं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.