बाबांची लेन्स आणि धानाचा दाणा

बाबा राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत नोकरीला होते, पण त्यांनी कोळसा कधी खणला नाही. ते खाणीतल्या यंत्रांचे फोटो काढायचे. मोडलेला बोल्ट, दात झिजलेलं चाक, तारा सुटत चाललेला लोखंडी दोर, असं काही निघालं की बाबांना बोलावणं यायचं. तडा नेमका कुठून सुरू झाला, हे साहेबांना फोटोत पाहायचं असे. त्यासाठी बाबांनी एक मॅक्रो लेन्स घेतली होती. बारीक वस्तूच्या अगदी जवळ जाऊन तिचा मोठा फोटो काढणारी ही लेन्स. ते निवृत्त झाले आणि पुढे त्यांच्या कॅमेऱ्याचा आरसा अडकला तो अडकलाच. मी आरमोरीच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. मी नवा, बिनआरशाचा मिररलेस कॅमेरा घेतला, तेव्हा त्यांनी कपाटातून ती लेन्स काढून माझ्यापुढे ठेवली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "कॅमेरा मेला, पण काच जित्ती आहे."

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर तशीच बसत नाही. मधे ॲडॉप्टर लागतो, म्हणजे एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं तोंड असलेलं कडं. आमच्या लेन्सला आणखी एक अडचण होती. तिच्या पोटात मोटरच नव्हती. जुन्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी पेचकसाच्या टोकासारखा एक दांडा असायचा. तो लेन्सच्या खाचेत बसून तिला फिरवायचा, आणि त्यातून ऑटोफोकस व्हायचा. नव्या कॅमेऱ्यात तो दांडा नाही. म्हणून मी शोधून शोधून, ज्याच्या आतच मोटर आणि दांडा आहे असा ॲडॉप्टर मागवला. पहिल्यांदा जोडला तेव्हा लेन्सने घर्र करून एक लांब गिरकी घेतली आणि समोरच्या कॅलेंडरवरची तारीख लख्ख पकडली. मला वाटलं, झालं काम.

त्या हिवाळ्यात मी एका बाईंकडे जाऊ लागले. आरमोरीहून जंगलाच्या अंगाला गेलं की त्यांचं गाव लागतं. वय साठीच्या पुढे, बोलणं थोडं, आणि घरात चौदा जातींचं धान. हायब्रीड आलं तरी त्यांनी ही बियाणी सोडली नव्हती. प्रत्येक जात वेगळ्या तुंब्यात. वाळलेल्या भोपळ्याचे ते तुंबे स्वयंपाकघराच्या आढ्याला ओळीने टांगलेले असत. प्रत्येक जातीच्या दाण्याचा फोटो काढून ठेवावा, अशी माझी इच्छा होती. मुलांना शिकवायला कामी येईल आणि त्यांच्याकडेही नोंद राहील.

"फोटोनं धान उगवते का?" त्यांनी विचारलं.

"नाही उगवत. पण कोणतं कोणतं आहे ते कळेल."

"ते मले तुंब्यावरूनच कळते." तरी त्यांनी प्रत्येक तुंब्यातली चिमूटभर बी मला काढून दिली. मी एकेका कागदी पाकिटात घातली आणि वर नावं लिहिली.

आधी मी त्यांचाच फोटो काढला. सूप घेऊन अंगणात बसल्या होत्या. कॅमेऱ्याने त्यांचा डोळा बरोबर हेरला, लेन्सने दोन झटक्यांत पकडला, आणि पापणीचा केस न् केस उमटला. माझा विश्वास तिथेच वाढला. मग ओसरीवर पांढरा कागद पसरून मी दाण्यांचे फोटो घेतले. इतक्या जवळून लेन्स सारखी मागेपुढे धावत होती, घर्र, घर्र, पण शेवटी पडद्यावरची फोकसची चौकट हिरवी व्हायची. हिरवी झाली की मी बटण दाबायची. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळं नीट दिसलं. चौदा जाती एका दुपारी आटोपल्या. पाकिटं मी कपाटात ठेवली आणि फोटो कॉम्प्युटरमध्ये. ते मोठे करून पाहिले नाहीत, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

मे महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. उंदरांनी शेजारशेजारचे दोन तुंबे कुरतडले होते. दोन्हीतलं बी खाली पडून एकत्र झालं होतं. एक होतं हलकं धान, दसऱ्याच्या सुमारास कापणीला येणारं. दुसरं भारी, दिवाळीनंतरचं. हलकं वरच्या मुरमाड बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, लावतात, कारण तिथे पाणी टिकत नाही. भारी खालच्या, ओल धरणाऱ्या बांधीत. दोन्ही एका बांधीत गेली तर एक पिकून गळायला लागतं आणि दुसरं हिरवंच उभं असतं. कापायचं कधी?

मी गेले तेव्हा बाई ते बी सुपात घेऊन बसल्या होत्या.

"झाड दिसलं तर मी दुरून सांगन," त्या म्हणाल्या. "दाण्यात दोघंई सारखेच. तुह्या फोटोत दिसते का काई?"

मी लॅपटॉप उघडला. त्या दोन जातींचे फोटो शोधले आणि मोठे केले. मोठे करताच दाणे पुसट होत गेले. फुसावरच्या, म्हणजे दाण्याच्या टरफलावरच्या, एका उंचवट्यावर फोकस पडला होता, बाकीचा दाणा धुक्यात. एक नाही, सगळे चौदा तसेच. कॅमेऱ्याने हिरवी चौकट दाखवली आणि मी ती मानली होती. सून पडद्याकडे पाहत होती. बाईंनी एकदाच पाहिलं आणि सुपाकडे वळल्या.

"नाई दिसत," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पण माझ्याकडे पाकिटं होती. त्या दोन जातींचे, उंदरांच्या आधीचे, शुद्ध दाणे. घरी येऊन मी हातातल्या भिंगाखाली ते पाहिले. पिवळट, खरखरीत, लांबी सारखी. दुसरा दाणा भिंगाखाली घेईपर्यंत पहिला डोळ्यासमोरून जायचा. दोन्ही शेजारी मांडून मोठे पाहता येतील, असे फोटोच हवे होते. पऱ्हे टाकायला, म्हणजे रोपांसाठी बी पेरायला, तीन आठवडे उरले होते. पुन्हा कॅमेरा लावला. पुन्हा घर्र, घर्र. लेन्स दाण्याच्या पलीकडे जायची, अलीकडे यायची, आणि थांबायची ती चुकीच्या जागी. ॲडॉप्टरचे वीज जोडणारे पितळी ठिपके खोडरबराने घासले, लेन्सची खाच पुसली, दिवे वाढवले, चौकट लहान केली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पाकिटं आणि कॅमेरा घेऊन, चंद्रपूरला गाडी बदलून मी राजुऱ्याला गेले. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती, त्यामुळे जायचंच होतं.

त्या संध्याकाळी बुद्धवंदना आटोपल्यावर बाबांनी लेन्स हातात घेतली. कानाशी नेऊन फोकसचं कडं फिरवलं.

"लेन्स बरी आहे," ते म्हणाले. "तू काय करून राह्यली ते दाखव."

मी दाखवलं. त्यांनी त्या मोटरचा आवाज ऐकला.

"हे काऊन चालू ठेवलं?"

"ऑटोफोकस आहे म्हणून."

"माणसाच्या तोंडाले ठीक आहे. इतक्या जवळ केसभर इकडंतिकडं झालं का गेलं. तिले काय माहीत तुले दाण्याचं काय पायजे ते? बंद कर. काच हलवू नको, दाणा हलव."

खाणीत त्यांनी दोराचे फोटो असेच काढले होते. कॅमेरा एका जागी घट्ट, आणि दोर सरकत्या फळीवर. आता त्यांनी अडगळीतून ड्रिल मशीनचा जुना वाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा, काढला. त्याचा दांडा फिरवला की वरचा जबडा तसूतसूने पुढे सरकतो. त्यावर खडूचा तुकडा बसवला, खडूवर मेणाचा ठिपका आणि ठिपक्यावर दाणा. मी ऑटोफोकस बंद केला. कॅमेऱ्यात चित्र दहापट मोठं करून पाहायची सोय आहे. ती लावून मी बाबांना म्हटलं, तुम्ही पाहा.

त्यांनी डोळा लावला. आयुष्यभर त्यांनी आरशातलं अंधुक, लहान चित्र पाहून अंदाजाने फोकस केला होता, आणि बरोबर की चूक हे फिल्म धुऊन आल्यावर कळायचं. आता ते एका हाताने दांडा हळूहळू फिरवत राहिले.

"याच्यावर केसं आहेत," ते म्हणाले.

"धानाच्या फुसावर असतात."

"मले दिसत आहेत. एक एक." मग डोळा न काढता म्हणाले, "असं आमच्या वेळी असतं तर मी एकाई तड्यावर साहेबाशी भांडलो नसतो."

दाणा अख्खा एका फोटोत स्पष्ट येत नव्हता. म्हणून टोकाचा एक, पोटाचा एक, बुडाचा एक, असे आम्ही घेत गेलो. प्रत्येक जातीचे वीस-वीस दाणे. बाबा दांडा फिरवायचे, मी बटण दाबायची. कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. उन्हाळ्यात पंखा लावायचीही सोय नव्हती, दाणा हलायचा. आईने दोनदा येऊन विचारलं की जेवणार आहात का धानच खाणार. तिसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही जातींचे फोटो टीव्हीवर शेजारीशेजारी लावले.

टोकं सारखी. केस सारखे. फुसावरच्या रेघा सारख्या. मी एकेक जोडी पुढे सरकवत होते आणि माझा धीर सुटत चालला होता.

"बुडाचे लाव," बाबा म्हणाले. "तडा नेहमी बुडातून."

दाणा देठाला जिथे जोडलेला असतो तिथे दोन बारीक पात्या असतात, दाण्याला खालून धरणाऱ्या. वर्गात मी त्या दरवर्षी फळ्यावर काढते. भारी धानात त्या इवल्या आणि बोथट होत्या. हलक्यात त्या जवळजवळ दुप्पट लांब आणि टोकदार, दाण्याला चिकटलेल्या. मी पुढची जोडी लावली. तसंच. पुढची. तसंच. वीसच्या वीस पाहिल्या. मग भिंग घेऊन पाकिटातले दाणे पाहिले, आणि आता ते मला दिसत होतं. इतके दिवस मी रंग आणि लांबी पाहत होते. तिथे पाहिलंच नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. या वेळी लॅपटॉप उघडला तेव्हा बाईंनी सूनबाईला जवळ बोलावलं आणि स्वतः पडद्याच्या अगदी पुढे बसल्या.

"हे कुठी असते?"

मी दाण्याच्या बुडाशी बोट ठेवलं. त्यांनी सुपातला एक दाणा उचलून उन्हात धरला, नखाने उलटवला, आणि पडद्याकडे पाहिलं.

"हे भारी," त्या म्हणाल्या. मी भिंगातून पाहिलं. भारीच होतं.

टोपलंभर बी निवडणं शक्य नव्हतं. दोन्हींची एक-एक ओंजळ शुद्ध काढायची, बाकीचं खायला, असं ठरलं. काळ्या कापडावर मूठभर दाणे पसरायचे आणि एकेक उलटवून बाजूला करायचा. सुनेची नजर आम्हा दोघींपेक्षा तिखट. पहिल्या तासात ती भिंग मागत होती, दुसऱ्या दिवशी तिने ते बाजूला ठेवलं. संशय आला तर दाणा तिसऱ्या वाटीत. मी सुट्टीचे चार दिवस तिथेच राहिले. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि बाई मधूनच म्हणायच्या, "घाई नको करू. चुकलं तर बांधीत दिसनच."

पऱ्हे टाकले. रोवणीला त्यांनी नेहमीसारखा रोपांचा झुबका नाही लावला, एकेक रोप वेगळं लावलं, म्हणजे थोडं बी जास्त जागा व्यापेल. वरच्या बांधीचा एक कोपरा हलक्याला आणि खालच्या बांधीचा एक भारीला. शेजारचे हसत होते, असं सून सांगत होती.

त्या पावसाळ्यात मी उरलेल्या बारा जाती पुन्हा घेतल्या, बाबांनी दिलेल्या वाइसवर, हाताने फोकस करून. ॲडॉप्टरमधली मोटर मी काढून टाकलेली नाही. माणसांच्या फोटोंना ती अजूनही चांगली चालते. दाण्यापुढे मात्र ती बंदच असते. फोटो काढला की तिथल्या तिथे मोठा करून पाहायचा आणि पुसट असेल तर पुन्हा काढायचा, असा नियम केला. एका जातीला कधी सुट्टीचा अख्खा दिवस लागतो.

हलक्याला लोंब्या आल्या तेव्हा मी गेले. कोपरा बहुतेक सगळा एकसारखा झुकला होता. मधे सहा-सात झाडं ताठ आणि हिरवी उभी होती, अजून लोंबीचा पत्ता नाही. माझं तोंड उतरलं.

"भेसळ राहिली," मी म्हटलं.

"राह्यतेच." बाई चिखलात उतरल्या. पहिल्या हिरव्या झाडाच्या बुडाशी हात घालून त्यांनी ते मुळासकट उपटलं आणि बांधावर टाकलं. "उतर ना मग. तिकडची दोन तू काढ."

मी चपला बांधावर काढल्या आणि उतरले.