एका वायरवर दोन उत्तरं

आमच्या साहेबांना नव्या गोष्टींची फार हौस आणि जुनी गोष्ट टाकून द्यायचा तेवढाच तिटकारा. अशी माणसं कंपनी मोठी करतात म्हणे. त्या कंपनीतल्या कॉम्प्युटर विभागाचं काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बंगलोरला होसूर रोडवर आमचं ऑफिस होतं. कारखाना आनेकलच्या बाजूला. तिथे शर्ट शिवले जायचे, परदेशी जायचे, आणि त्यांची कागदपत्रं आमच्याकडे तयार व्हायची. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी. विभागप्रमुख मीच आणि शिपाईही मीच. पगार त्या दोघांपैकी कोणाचा द्यायचा, याचा निर्णय साहेबांनी न डगमगता घेतला होता.

ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरांना हार्ड डिस्क नव्हती. सकाळी बटण दाबलं की आतल्या नेटवर्क कार्डावरची एक चिप जागी व्हायची आणि वायरवर हाक मारायची: माझा पत्ता काय, आणि सुरू व्हायला कुठली फाइल घेऊ? कोपऱ्यातला सर्व्हर ती हाक ऐकून पत्ता द्यायचा, फाइलचं नाव द्यायचा, मग ती फाइल वायरवरून यायची आणि मशीन चालू व्हायचं. या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात. ती इतकी सुरळीत चालायची की माझी नेमणूक कशासाठी आहे असा प्रश्न साहेबांना अधूनमधून पडायचा.

मग साहेबांनी डझनभर नवे कॉम्प्युटर आणले. त्यांनाही हार्ड डिस्क नव्हती, कारण जुन्यांचं काय अडलं होतं? ही नवी मशीनंही वायरवर हाक मारायची, पण त्यांना लागणारी फाइल वेगळी होती. सर्व्हरला मात्र एकच फाइल ठाऊक. जुनी फाइल नव्या मशीनला दिली की ते इंग्रजीत तक्रार करून पुन्हा हाक मारत बसायचं. सर्व्हरवर नव्यांची फाइल लावली की जुनी मशीनं काळी ठिक्कर.

"दोन्ही कॉम्प्युटरच ना?" साहेबांनी कानडीतून विचारलं.

"हो सर."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. साहेबांनी पुण्याहून सल्लागार मागवला. मला विचारलं नाही. मला विचारायचं असतं तर सल्लागार कशाला लागला असता?

सल्लागार मीटिंगच्या खोलीत शिरला आणि मी हातातली कॉफी खाली ठेवली. सात-आठ महिन्यांपूर्वी हाच गृहस्थ आमच्या घरी मला बघायला आला होता.

त्याची एक आत्या जे. पी. नगरात राहायची. कुठल्याशा हळदीकुंकवात आईची आणि तिची ओळख झाली, आणि दोघींनी मिळून आमचं भलं करायचं ठरवलं. आमचं घराणं बंगलोरला येऊन तीनशेच्या वर वर्षं झाली. मूळ गाव कुठलं ते विसरून गेलो, भाषा तेवढी उरली, आणि तीही शेजाऱ्यांशी उसनवारी करत करत. पाहुण्यांसमोर आईने बशा ठेवल्या आणि "उप्पिट्टु घ्या की," म्हणाली. आत्याबाईंच्या भुवया तिथेच एकदा वर गेल्या. मग मुलाने मला विचारलं, "तुम्हाला वाचनाची आवड आहे?"

"आहे की," मी म्हटलं, "पण वेळ स्वल्प मिळतो."

भुवया परत वर गेल्या. मुलगा मात्र, मला वाटतं, हसला होता. आठवड्याने आत्याबाईंचा फोन आला. मुलगी छान आहे, पण मुलाला घरात शुद्ध मराठी हवी. उद्या नातवंडं 'स्वल्प' म्हणायला लागली तर पुण्याला काय सांगायचं? आई दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. बाबांनी पेपरमागून एवढंच विचारलं, "पुण्यात मुलं जन्मतःच शुद्ध बोलतात काय?"

तर तो हा मुलगा. "गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला.

"गुड मॉर्निंग, सर," मी म्हटलं. आणि आम्ही दोघांनी एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

पहिले काही दिवस तो माझ्याशी इंग्रजी बोलला आणि बाकी सगळ्यांशी हिंदी. कोणाला हिंदी येते की नाही, ही चौकशी त्याच्या कामात बसत नसावी. आठवड्याच्या शेवटी त्याने सुबक बांधणीचा अहवाल दिला. त्याचा सारांश असा, की जुने कॉम्प्युटर फेकून द्या. साहेबांनी अहवाल हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "मी तर माझी पहिली स्कूटरसुद्धा फेकलेली नाही." ती खरंच ऑफिसच्या मागे उभी होती, ताडपत्रीखाली.

मग दुसरा उपाय. सल्लागाराने आणखी एक सर्व्हर आणवला. जुना सर्व्हर जुन्यांना उत्तर देईल, नवा नव्यांना. कागदावर आकृती फार देखणी होती: डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक चौकोन, मधे बाण.

"पण वायर एकच आहे," मी म्हटलं. "हाक दोघांनाही ऐकू जाणार."

"दॅट वोंट बी अ प्रॉब्लेम, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी बटणं दाबली. प्रत्येक मशीनची हाक दोन्ही सर्व्हरांनी ऐकली, दोघांनीही तत्परतेने उत्तर दिलं, आणि ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचं मशीनने खरं मानलं. कधी जुन्याला जुनी फाइल मिळे, कधी नवी. काल चाललेलं मशीन आज चालेना, आज न चालणारं बंद करून परत लावलं की चाले. जहाजाचे कागद करणाऱ्या आमच्या अक्का ऑफिसात सगळ्यांत ज्येष्ठ होत्या. त्या रोज सकाळी बटण दाबण्याआधी डोळे मिटायच्या. मशीन चालू झालं की मोठ्याने जाहीर करायच्या, "मला लागली!" लॉटरीच ती. कोणाला लागली, कोणाला नाही, याची चर्चा चहापर्यंत रंगायची आणि शर्ट बंदरावर पडून राहायचे.

साहेब रोज येऊन दारात उभे राहत आणि सल्लागाराकडे आदराने बघत. पुण्याहून आणलेला माणूस. त्याच्याकडून झालेला घोटाळा म्हणजे काहीतरी वरच्या दर्जाचा असणार.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. तो सर्व्हरसमोर टाय सैल करून बसला होता. मी मराठीतच बोलले. त्या खोलीत आणखी कोणी नव्हतं, आणि माझ्यापाशी इंग्रजीतली नम्रता शिल्लक नव्हती.

"हाक मारताना दोन्ही मशीनं अगदी सारखंच बोलतात काय? ते एकदा बघून घेऊ की."

त्याने मान वर केली. "त्यात काय बघायचं? स्टँडर्ड आहे ते."

"स्टँडर्ड सरी. पण बघूया."

"सरी?"

"बरोबर," मी भाषांतर करून दिलं. "सरी म्हणजे बरोबर."

त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. "बघूया," तो म्हणाला.

वायरवरून जाणारं सगळं टिपून दाखवणारा एक प्रोग्रॅम माझ्याकडे होता. आम्ही तो लावला, एक जुनं मशीन सुरू केलं, मग एक नवं. दोन्ही हाका पडद्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ आकडे वाचले. आणि मग दिसलं: नवं मशीन हाक मारताना आपण कुठल्या पद्धतीने सुरू होतो ते एका जादा ओळीत सांगत होतं. जुनं त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं.

"म्हणजे ते आधीच सांगतंय मी कोण आहे ते," तो म्हणाला.

"सांगतंय की. कोणी ऐकत नव्हतं."

सर्व्हरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती नुकतीच आली होती, तिच्यात अट घालता येत होती. ही ओळ दिसली तर ही फाइल दे. नाही दिसली तर ती दे. म्हणजे दुसरा सर्व्हर नको, दुसरी वायर नको, जुनी मशीनं फेकायला नकोत. मी अट लिहिली. जुनी मशीनं लगेच सुरू झाली. नवी मात्र फाइलचं नाव मिळूनही अडून बसली. इथे त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. फाइलचं नाव सांगितलं, पण ती कुठल्या सर्व्हरवरून उचलायची ते नव्या मशीनांना वेगळं सांगावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं. ती एक ओळ त्याने घातली आणि नवं मशीन चालू झालं. आम्ही दोघंही खुर्चीतून उठलो, आणि उठून काय करायचं ते न कळल्यामुळे परत बसलो.

"तो दुसरा सर्व्हर राहू दे, बॅकअप म्हणून," तो म्हणाला.

मी त्याची वायर उपटली.

त्या दिवशी दुपारी आम्ही एकत्र जेवलो. माझ्या डब्यात चित्रान्न होतं, लिंबू पिळलेला फोडणीचा भात. अर्धं त्याच्या ताटात वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "एक सांगू? तुमच्या घरून नकार आला तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं."

"आमच्या घरून?"

"हो. आत्या म्हणाली, मुलीला बंगलोर सोडायचं नाही, आणि पुण्याची माणसं तिला शिष्ट वाटतात."

"पुण्याची माणसं शिष्ट वाटतात हे खरं," मी म्हटलं. "पण मी तसं सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगितलं, की मुलाला शुद्ध मराठी पाहिजे."

त्याचा घास हातातच राहिला. "मी असं म्हणेन?"

मी त्याच्याकडे बघितलं. हिंदी, इंग्रजी, टाय, अहवाल. "म्हणाल की," मी म्हटलं. "पण म्हणाला नव्हतात, हे कळलं."

तो हसायला लागला. मीही हसले. आठ महिने आमच्या घरात त्या वाक्याने मुक्काम ठोकला होता. आई 'स्वल्प' म्हणता म्हणता थबकायची आणि 'थोडं' म्हणायची, आपल्याच स्वयंपाकघरात. ते आठवलं आणि माझं हसू मधेच थांबलं. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो म्हणाला, "आईंना माझ्याकडून सॉरी सांगा." त्या दिवसांत त्याने काढलेल्या वाक्यांपैकी मला आवडलेलं हे एकच.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं. विचारलं म्हणजे, आधी वेतनश्रेणी, मग पुण्यातला फ्लॅट, मग माझ्या कामाचं कौतुक, आणि शेवटी, "तर आता गैरसमज दूर झालाच आहे, तेव्हा परत विचार करायला हरकत नसावी."

"गैरसमज होता तेव्हा मला नुसताच राग होता," मी म्हटलं. "आता तुमच्याबरोबर काम केलंय. नको."

"कारण?"

"मी वायर एकच आहे म्हटलं, तेव्हा तुम्ही ऐकलं नाही."

"फेअर इनफ," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मी हातात हात दिला. वाईट माणूस नव्हता तो.

मी घरी सगळं सांगितलं. आई तडक आत्याबाईंना फोन करायला उठली, पण त्याची गरज पडली नाही. भाच्याकडून ऐकून त्या स्वतःच रविवारी दारात हजर झाल्या. ओशाळल्याचं चिन्ह नाही. पाटावर ऐसपैस बसून म्हणाल्या, "मी दोघांचं भलंच केलं. त्याला तासभर ऐकून घेणारी बायको हवी, हिला तासभर ऐकून घेणारा नवरा. मग दोघांत ऐकणार कोण? तेवढ्या चहात मला दिसलं ते. पण असं सरळ सांगितलं तर कोणी मानतं का?"

आईला बोलायला शब्द सापडेनात, कानडीतही नाहीत. मला राग आला तो खोटं बोलल्याचा नव्हता. बाईचं बरोबर होतं, याचा होता.

"पण आईला का बोललात?" मी विचारलं. "तिच्या भाषेवरून?"

आत्याबाई पहिल्यांदाच अडखळल्या. "ते सुचलं ते बोलले," त्या म्हणाल्या. मग आईकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "उप्पीट छान होतं हो तुमचं."

"उप्पिट्टु," आई म्हणाली, आणि उठून करायला गेली. त्या दिवसापासून तिने 'थोडं' म्हणणं सोडलं.

महिन्याभराने सल्लागाराचा अंतिम अहवाल आला. त्यात आमची ती अट होती, तिच्याखाली त्याची ओळ होती, दोन्हींच्या वर त्याचं नाव होतं, आणि शेवटच्या पानावर स्थानिक कर्मचाऱ्यांचं मोलाचं सहकार्य लाभल्याचा उल्लेख होता. स्थानिक कर्मचारी म्हणजे मी, अनेकवचनात. पुढे तो अमेरिकेला गेला, दोन हजार साल उजाडल्यावर जगातले कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून.

साहेबांनी तो अहवाल काचेच्या कपाटात ठेवला आणि मला बोलावलं. ते खुशीत होते.

"आनेकलच्या कारखान्यासाठी कॉम्प्युटर घेतले," ते म्हणाले. "स्वस्तात मिळाले. तीन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत."

"तीन?"

"आता काय, तुला येतंच."

सोमवारी सकाळी मी आनेकलच्या बसमध्ये चढले. कंडक्टरने विचारलं, कारखान्यात शिवणकामाला का? मी म्हटलं, नाही, कॉम्प्युटरच्या कामाला. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि पुढच्या सीटवरची टोपली उचलून मला जागा करून दिली.