उघड्यावरचे उंदीर

आमच्या घराण्यात मेंढरांच्या मागं न जाता पुस्तकांच्या मागं गेलेला मी पहिलाच. संभाजीनगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागलो आणि गंगापूरकडच्या आमच्या गावात माझा शब्द प्रमाण झाला. गुडघा दुखला, म्हैस आटली, कपाशीवर अळी पडली, की फोन मला. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ‘ठाऊक नाही’ म्हणायची सवयच राहिली नव्हती.

धाकटा भाऊ वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कायम होता. दर आठवड्याला पाळी बदलायची. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोघांच्याही तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. तरी आमची माय सुनेलाच टाकून बोलायची. भाकरी करपली तरी विषय फिरून तिच्या कुशीवर यायचा. भावजय खाली मान घालून ऐकून घ्यायची आणि मी, इतका शिकलेला, पेपर वाचत बसायचो.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी नीट झाला नव्हता. त्या उन्हाळ्यात मी वर्गासाठी शरीरातल्या घड्याळाविषयी वाचत होतो. झोप, भूक, जाग यांची वेळ सांभाळणारी जनुकं आपल्या अंगात असतात. परदेशात काही शास्त्रज्ञांनी असं एक जनुक बदललेले उंदीर घेतले. त्यांचा आतला दिवस चोवीस तासांच्या बराच आधी संपायचा. पिंजऱ्यात त्यामुळं त्यांचं फारसं अडलं नाही. पण साध्या उंदरांबरोबर त्यांना उघड्यावर, कुंपणाच्या आवारात सोडलं, तेव्हा ते अवेळी हिंडू लागले, कमी जगले आणि त्यांची पिल्लंही कमी झाली. पिढ्या सरकल्या तसं ते बदललेलं जनुक त्या आवारात विरळ होत गेलं. इथवर वाचलं आणि मला भाऊ आठवला. उरलेली पानं मी वाचलीच नाहीत.

पुढच्याच रविवारी गावी गेलो आणि ओसरीवर बसून सगळ्यांना हे समजावून सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं, मास्तरच मी.

“म्हंजे रातपाळीनं लेकरू होत नाय?” मायनं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो, “रातपाळीनंच.”

दुपारी सून जेवायला बसली, तेव्हा मायनं स्वतः उठून तिच्या ताटात दही वाढलं. दुधाचे हाल असलेले दिवस होते ते.

दोन महिन्यांत भावानं नोकरी सोडली. चुलत्याकडं वाट्यानं दिलेली मेंढरं परत आणली आणि वडिलांसारखी काठी खांद्यावर टाकली. पण वडिलांच्या वेळचं रान आता कुठं होतं? शहर वाळूज ओलांडून आमच्याकडं सरकत होतं. जिथं मेंढरं बसायची तिथं चुना फासलेले दगड रोवून प्लॉट पाडले होते आणि रखवालदार लांबूनच शिट्टी मारायचा. चाऱ्यासाठी भाऊ पार गोदावरीच्या कोरड्या पात्रापर्यंत जायचा. दोन वर्षं गेली. मूल झालं नाही.

मग एकदा तोच धडा शिकवताना एका मुलीनं विचारलं, “सर, मग रात्रपाळीवाल्यांचं काय होत असेल?” मी ऐटीत म्हणालो, उद्या सांगतो. घरी जाऊन तो लेख काढला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. उंदरांना कुणी पाळ्या लावल्या नव्हत्या. त्यांचं घड्याळच जन्मतः वेगळं होतं. माझ्या भावाचं घड्याळ चारचौघांसारखं होतं, फक्त कारखाना त्याला भलत्या वेळी उठवत होता. पाळ्यांचा माणसाला त्रास होतच असणार; पण त्याच्या घरी पाळणा का हलत नाही, हे त्या उंदरांवरून सांगता येत नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शनिवारी गावी गेलो. भाऊ प्लॉटांच्या कडेला मेंढरं घेऊन बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यानं नीट ऐकलं. “म्हंजे नोकरी उगंच सोडली मी?”

“मी सोडायला लावली.”

तो उठला, दगडांपलीकडं गेलेली एक मेंढी वळवून आणली आणि पुन्हा खाली बसला. त्यानं मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

“मला सांगितलं ते बरं केलं, दादा,” तो म्हणाला. “पर मायला नका सांगू.”

“का?”

“तुमी उंदरांचं सांगितलं तवापासून माय हिला एक शब्द वाकडा बोलली नाय. नोकरी काय, दुसरी बघता येईल.”

त्याला दुसरी मिळाली, कंत्राटी, निम्म्या पगाराची. मी वर्गात अजूनही मुलांना सांगतो, पुरावा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडू नका. आणि माय आजही आल्यागेल्याला त्या उंदरांची गोष्ट ऐकवते. “पोरीचा काय बी दोष नाय,” ती म्हणते, “आमच्या मास्तरला इचारा.” सगळे माझ्याकडं बघतात. मी व्हय म्हणतो.